मुका जोड

आमच्या घरात वेणी दोन प्रकारची.
एक आई घालते. आधी ताईची, मग माझी,
तेल, फणी, "मान सरळ धर की गं."
दुसरी आम्ही दोघी घालतो,
चामड्याच्या बारीक वादीची,
आण्णांच्या चपलेवर बसायला.
डाव्या पायाची ताई, उजव्याची मी.
असं कुणी ठरवलेलं नव्हतं.
ती डावखुरी, एवढंच.

*

कोल्हापुरात पोरी "जातो" म्हणतात.
मी जातो. मी खातो. थांब, मी आलो.
पुण्याची मामी हसायची,
"अगं, मुलगा आहेस का तू?"
आम्ही दोघी एकदम, "व्हय!"

यंदा ताई कॉलेजात गेली
आणि महिन्याभरात "जाते" झाली.
आधी वाटलं, मस्करी करतीया.
मग तिची वही बघितली.
कांचन डी.
पुढं आडनाव नाही, नुसता एक टिंब.
टिंबाच्या पलीकडं
आण्णा, आई, मी, रापी, आरी,
सुभाषनगरची अख्खी गल्ली.

*

तळाच्या दोन थरांत आण्णा बिया घालतात.
म्हणून चप्पल बोलते. करकर, करकर.
"माणूस यायच्या आधी
त्याची चाल यायला पायजे," म्हणतात.

ताई म्हणाली, "आण्णा, मला मुका जोड करा."
आण्णांनी रापी खाली ठेवली.
बराच वेळ तिच्या पायांकडं बघितलं,
माप घेतल्यासारखं.
मग केला.

*

रविवारी महाद्वारातल्या दुकानात
माल टाकायला निघालो होतो.
रंकाळ्याकडनं गेलो, वारं लागतं म्हणून.
भेळेच्या गाडीजवळ ताई, आणि चार मैत्रिणी.
"ताई!" मी ओरडलो.

"कोण गं ही?"

ताईनं माझ्याकडं बघितलं.
खांद्यावरच्या पोत्याकडं बघितलं.
"आमच्या गल्लीत राहते."

आता ह्यात खोटं काय?
राहतोच की मी तिच्या गल्लीत,
तिच्या घरात,
तिच्याच चादरीच्या उरलेल्या अर्ध्यात.

"बरं, जातो," मी म्हणालो,
आणि त्या पोरी "जातो" ला हसल्या.
ताई हसली नाही.
त्या दिवशी घरी न्यायला
मला एवढंच मिळालं.

*

आईला सांगितलं नाही.
रात्री ताई वेणी घालायला बसली.
हात विसरला होता, तिसऱ्या पेडाला सुटायची.
उसवून परत, उसवून परत.

"मयू."
"हं."
"माझ्या हाताला वास येतो का गं?"
"येतो."
ती थांबली.
"माझ्या हाताला येतो तसलाच."

दोनदा साबण लावते ती आजकाल.
तरी तिनं तळवा नाकाशी धरला
आणि तसाच धरून ठेवला,
लहानपणी ताप आला की आईचा पदर धरायची तसा.
माफी तिनं मागितली नाही.
मी पण देऊन टाकली नाही.

*

पावसाळा सरता सरता
मुक्या जोडाचा डावा तळ उसवला.
आण्णांनी माझ्याकडं सरकवला. "तू शिव."
आणि बियांचा डबा
उघडाच ठेवून चहाला गेले.

*

सकाळी ताई निघाली.
उजवा गप्प. डावा करकर.
गप्प. करकर.
नळावरच्या बायका वळल्या.
कुणीतरी म्हणालं, "एक पाय भांडून आलाय व्हय गं?"

ताईनं खाली बघितलं.
मी दाराआड.
वाटलं, आता काढून फेकून मारील,
नाहीतर हातात घेऊन अनवाणी जाईल.

कोपऱ्यावर केएमटी उभीच होती.
ताईनं मागं न बघता हात वर केला,
काहीतरी म्हणाली,
आणि नेमका ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"येते" म्हणाली, का "येतो",
मला ऐकू आलं नाही.
करकर तेवढी आली,
बसच्या पायरीपर्यंत,
आणि मग वरच्या पायरीवर एकदा.